नऊपैकी चौथी प्रत

१

ज्या दिवसानंतर बाबा राहिले नाहीत, तो दिवस इतका साधा होता की मी त्यातलं फारसं काही जपून ठेवलं नाही. संध्याकाळी आम्ही फखरुद्दीन शेठच्या घरी चहाला गेलो होतो, एवढं पक्कं आठवतं. पुढे जो गुंता झाला त्याची उकल त्या चहातच होती, आणि मी तेव्हा नानखटाई खात बसले होते.

बाबांचं नाव केसरीनाथ. भिवंडीत ते ठप्पे कोरत. मागावरून उतरलेल्या कापडाच्या टोकाला कारखानदार आपली खूण उमटवतो, मोर, जहाज, दोन सिंह असं काहीतरी. त्याचे लाकडी ठप्पे. गावातले निम्मे मोर आमच्या घरचे होते. त्यातून हात मोकळा झाला की बाबा स्वतःसाठी चित्रं कोरत. शिसवाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं कोरायचं, शाई लावायची, वर ओला कागद अंथरायचा आणि पितळी वाटीच्या बुडाने सावकाश घासायचा. कागदाला आधी भाताची पेज पाजलेली असे. त्याशिवाय तो शाई नीट धरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एका ठोकळ्याचे नऊ छाप काढायचे. नववा निघाला की चार माणसांसमोर ठोकळ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका घाव घालायचा. मग दहावा निघू शकत नाही. प्रत्येक छापाखाली पेन्सिलीने आकडा आणि सही. "नऊ म्हंजे नऊ," बाबा म्हणत. नऊच का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ठोकळ्यावरून पहिला कागद उचलला की ते मला हाक मारत. मी कल्याणच्या एका ग्रंथालयात नोकरी करते. पुस्तकं वाचून माझी नजर चुका काढायला सोकावली आहे, असा त्यांचा समज होता. ते एकच विचारत, "मैना, कुठं चुकलंय गो?" मी शोधायची. इथे शाई कमी बसलीय, तिथे रेघ तुटलीय. ते मान डोलवून पटाशी उचलायचे. बाकी काही त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही बाकी काही बोलले नाही.

त्यांच्या छापांत दोन फार गाजले. एक 'खाडी'. दाराच्या फळीएवढं चित्र, त्याच्यासमोर उभं राहिलं की काळं पाणी गुडघ्यापर्यंत चढल्यासारखं वाटे. दुसरं 'आगर'. ते तळहाताएवढंच. त्यात मिठागराच्या चौकटी एकामागे एक लांब लांब जातात, वर आभाळ. अगदी शेवटच्या चौकटीत डोक्यावर टोपली घेतलेली बाई आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान. आणि तिची सावली पाण्यात पडली आहे. एवढ्याशा कागदात इतकं आभाळ कुठून आलं, हे मला आजही कळलेलं नाही.

दोन्हींची किंमत बाबांनी एकच ठेवली होती. त्यावरून फखरुद्दीन शेठ त्यांना दर खेपेला छेडत. ते जुन्या व्यापारी घराण्यातले, स्वतःचे माग असलेले, आणि बाबांचे छाप जमवणारे या गावातले पहिले.

"केसरीनाथ, मी कापड मीटरवर विकतो," त्या संध्याकाळीही ते म्हणाले. "तू दाराएवढ्या चित्राचे जेवढे घेतोस तेवढेच तळहाताएवढ्याचे. हा कुठला धंदा?"

"मोटं लांबून बगायचं, बारकं जवळून," बाबा म्हणाले. "बगनारा मानूस तेवडाच ना, शेट? तो काय अर्धा होतो?"

"मुंबईवाले हसतात तुला."

"हसूं दे. हसताना त्यांचं तोंड पन तेवडंच उघडतंय."

मग ते उठून भिंतीवरच्या 'आगर'पाशी गेले. ती शेठची चौथी प्रत, ४/९. त्या चित्रापुढे उभं राहिलं की बाबांची एक लकब असे. मधल्या बोटाचं टोक चित्राच्या डाव्या कडेला ठेवायचं, की तळहातावरचा पटाशीचा जुना वण बरोबर उजव्या कडेवर येई. त्या मापानेच त्यांनी ते चित्र बांधलं होतं. आज काचेवर हात ठेवून ते बराच वेळ थांबले. मग हात मागे घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि हसले.

"हात वाढला का काय माजा, या वयात!"

आम्ही सगळे हसलो.

परतताना ते आपल्या ठप्प्यांच्या कारखान्यात डोकावले. मुनीर, त्यांचा शिष्य, एका मोराचा पिसारा संपवत होता. बाबांनी त्याचा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हात बसला रं तुजा." मुनीरने मान खाली घातली. लाजला असेल, असं मला वाटलं.

सकाळी बाबा उठले नाहीत.

२

मार्चमध्ये फखरुद्दीन शेठनी निरोप पाठवला. त्यांनी गावातल्या वाचनालयाच्या दालनात बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं. 'आगर'चे सगळे नऊ छाप पहिल्यांदाच एका भिंतीवर येणार होते. पहिला माझ्याकडे होता. तो मी आधीच पोचवला होता. बाकीचे ठाणे, पुणे, मुंबईहून मागवले होते.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा शेठ मोठ्या टेबलाशी उभे होते. चहा विचारला नाही. त्या घरात असं कधी होत नसे.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजले. मग पुन्हा मोजले. टेबलावर दहा 'आगर' होते.

"चौथा माझ्या भिंतीवरून काढला," शेठ म्हणाले. "आणि हा मुंबईच्या एका डॉक्टरांनी पाठवला. मागच्याच महिन्यात घेतला म्हणतात, जुन्या वस्तूंच्या दुकानातून. आकडा वाच."

४/९. सही बाबांची, तीच झोकदार वेलांटी.

शेठनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. मागून ऊन आलं. रेघेवर रेघ, चौकटीवर चौकट. दोन बायका एक झाल्या, त्यांच्या सावल्याही एक झाल्या.

"एकाच ठोकळ्याचे आहेत," शेठ हळू म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सोसवेना. "बेटी, नऊ म्हणजे नऊ, हे त्याचं वाक्य. मी वीस वर्षं लोकांना ते ऐकवलं. दहा निघाले तर पंधरा कशावरून नाहीत? मग मोठं चित्र काय आणि लहान काय, सगळीच रद्दी."

"बाबा असं करणार नाहीत."

"मलाही तसंच वाटत होतं. रविवारी उद्घाटन आहे. तोवर मला काही दाखवलंस तर ठीक. नाहीतर मी सगळ्यांना त्यांचे छाप परत करतो, का ते सांगून."

घरी येऊन मी बाबांची पेटी उघडली. 'आगर'चा ठोकळा तळाशी होता, त्यावर तिरका घाव. आठ वर्षांपूर्वी तो घालताना मी तिथे होते, शेठही होते. म्हणजे दहावा छाप असलाच, तर तो घावाच्या आधी, आमच्या पाठीमागे निघालेला. आणि तेव्हा त्या ठोकळ्याजवळ बाबांशिवाय कोणी जात नसे.

मी ठोकळा परत ठेवला. झाकण लावलं. मला उत्तर सापडलं होतं आणि ते नको असलेलं होतं.

३

वाचलेल्या पुस्तकांनी एक शिकवलं आहे: नको असलेलं उत्तर पहिलं सापडलं, तर शोध तिथे थांबवू नये. मी माणसांना भेटायला लागले.

पहिल्या आबिदाभाभी, शेठच्या सूनबाई. घरातली भिंत त्यांच्या ताब्यात.

"मला ते चित्र कधी आवडलंच नाही, मैना, खरं सांगते," त्या लसूण सोलत म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात ते टिकलीसारखं. पाहुणे विचारतात, स्विचबोर्ड झाकलाय का? म्हणून गेल्या पावसाळ्यात मी फ्रेमवाल्या मजीदकडे पाठवलं. म्हटलं, चित्र वाढत नाही तर फ्रेम तरी मोठी कर."

"त्याआधी कधी घराबाहेर गेलं होतं?"

"कधीच नाही. आणि मजीदने महिनाभर लावला. दोनदा माणूस पाठवला तर म्हणतो, बारीक काम आहे. पण एक आहे, नवी काच फुकट लावली. मजीद! जो खिळ्याचेही वेगळे लावतो!" त्यांना हसू आवरेना.

मजीदचं दुकान तीन बत्तीच्या नाक्यावर. कुराणातल्या आयती, देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, सगळे एका भिंतीवर दाटीवाटीने राहत. मी दोन चौथ्यांची गोष्ट सांगितली. तो फ्रेमची पट्टी कापत राहिला.

"बहुत अफसोस की बात, ताई. पण मी एक बोलू? नक्कल करायची तर कोणी मोठ्याची करेल. 'खाडी'ची. इतक्या बारक्या चित्राची कोण करणार? मेहनत तेवढीच आणि गिऱ्हाईक म्हणतं, इतनासा? मी तर फ्रेमच फुटावर विकतो. साइज हीच किंमत."

"बाबा तसं मानत नव्हते."

"ते कलाकार. आम्ही दुकानदार." त्याने पट्टी फुंकली. "आणि त्यांचे ते पेज लावलेले कागद, तोबा! पावसात काचेला असे धरतात, की सोडवताना..." तो थांबला. "म्हणजे, धरत असतील. मी म्हणून मध्ये पुठ्ठा घालतो."

मुनीरला मी शेवटी भेटले. बाबांच्या जागेवर तो बसत नसे. शेजारच्या पाटावर बसून काम करी.

"मुनीर, बाबांनी दहावा काढला असेल?"

"नाही."

इतक्या पटकन आलं ते, की मीच दचकले. शेठनी विचार केला होता, मी केला होता. याने केला नाही.

"तुला कसं ठाऊक?"

"ताई, चाचांनी नाही काढला." त्याने पटाशी दगडावर घासायला घेतली. तिला आधीच इतकी धार होती की खिडकीचा उजेड तिच्यावर ठरत नव्हता. "बस्स, नाही काढला. शेठना सांगा."

"शेठना पुरावा हवाय."

तो घासत राहिला. पटाशी घासली जात होती, तिची धार जात होती, आणि ते त्याच्या लक्षात येत नव्हतं.

४

शनिवारी आक्काने मला सीताबाईच्या अंगणात बोलावलं. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या घरात मरण झालेलं, त्यामुळे वर्षभर आमच्या अंगणात पापड घालायचे नाहीत. शेजारणीच्या अंगणात घातलेले चालतात. आदल्या दोन दिवसांपासून तिथे तांदळाचे पापड चालले होते. शिजवलेल्या पिठाची लाटी थापायची, वर वाटी दाबायची, कडेचं पीठ काढून घ्यायचं. वाटी आमच्याच घरची होती, बाबांची, छाप घासायची. आक्काने ती मागितली तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

मी पोचले तेव्हा अंगणात भांडण पेटलं होतं.

"कोनी घातलं हे? चिमनीला का?" आक्का एक पापड नाचवत होती. खाटेवर दोन ढीग होते. एकातले पापड दुसऱ्यापेक्षा उघड लहान.

"मीच घातले," सीताबाई म्हणाल्या. "तू वाटी घेऊन घरी गेलीस. मग मी काय करू? गुरुवारचा वाळलेला पापड घेतला, त्याच्या मापाने कापले. माप तर तेच ना?"

"तेच कसं? वाटीनं माप घ्यायचं, पापडावरनं न्हाय! पेजेचं पीठ हाय ते, वाळलं का आकसतंय. गुरवारचा आकसून बसलेला, त्याच्या मापानं वला घातलास, तो आनिक आकसला. आता ह्याच्यावरनं परत घातलास तर गोळी व्हईल गोळी!"

शेजारणी हसत होत्या. मी खाटेवरची वाटी उचलली आणि गुरुवारचा पापड तिच्या तोंडावर धरला. कडेला सगळीकडून थोडी फट राहिली. मग त्याच वाटीवर शुक्रवारचा पापड धरला. फट दुप्पट झाली.

पेज पाजलेला कागद. ओला अंथरायचा, मग वाळायचा.

"काय गो मैना?" आक्का म्हणाली. "अशी काय बगतेस? खा का एक."

मी पापड तिथेच टाकून निघाले, ते थेट शेठच्या घरी.

"दहाही छाप एका पेटीत ठेवा," मी शेठना सांगितलं. "सगळ्यांना सारखी हवा लागू दे. उद्या सकाळी मी येते. मग खिडकीत धरू. पण या वेळी चौथ्यावर चौथा नाही."

५

रविवारी सकाळी मी माझा पहिला छाप काचेला लावला आणि त्यावर पाचवा. जुळले. सहावा, सातवा, नववा, दुसरा, सगळे जुळले. फरक असलाच तर केसाएवढा. मग शेठचा चौथा. डावी कड जुळवली. उजवी कड तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी आत राहिली. डॉक्टरांचा चौथा लावला. तितकीच आत.

"कागद जास्त आकसला असेल," शेठ म्हणाले. पण ते पुढे वाकले होते.

"दोन्ही बरोबर तेवढेच? आणि बाकीचे आठ नाहीत? शेठ, हे दोन्ही बाबांच्या ठोकळ्याचे नाहीत. कोणीतरी वाळलेला छाप नव्या लाकडावर पालथा चिकटवला, मागून तेल लावून रेघा दिसेलशा केल्या आणि त्यांच्यावरूनच पटाशी चालवली. तो छाप एकदा आकसलेला होता. नव्या ठोकळ्यावर परत ओला कागद घातला, तो वाळून परत आकसला."

मी त्यांना पापडांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. दोन्ही कागद पुन्हा उजेडात धरून ते शेवटच्या चौकटीतली बाई बघत राहिले.

"पण हे कोरलंय कोणी? ती टोपली बघ. या अल्ला, ती सावली बघ." त्यांचा आवाज खाली गेला होता. खोटं ठरलेलं चित्र ते असं धरून होते, जसं खरं धरतात. मलाही तेच वाटत होतं. दाण्याहून लहान बाई दुसऱ्यांदा कोरणारा हात या जगात आहे, ही गोष्ट भीती वाटावी इतकी मोठी होती.

"लाकडावर चिकटवलेला छाप परत मिळत नाही," मी पुढे म्हणाले. "पटाशीखाली त्याचा भुगा होतो. म्हणजे नवांतला एक गेला आहे. आठ इथे आहेत, अस्सल. नाही तो फक्त चौथा. तुमचा."

"माझा तर भिंतीवर..."

"भिंतीवर नक्कल होती. तुमचा चौथा घराबाहेर एकदाच गेला. गेल्या पावसाळ्यात, मजीदकडे. महिनाभर राहिला आणि नवी काच घेऊन आला. फुकट."

शेठ खुर्चीत बसले. मग एकदम त्यांनी मान वर केली. "केसरीनाथने त्या दिवशी काचेला हात लावला होता."

"हो. आणि हात वाढला म्हणाले."

बाहेर त्यांचे माग चालू होते, खटखट खटखट, जणू काही झालंच नाही.

मुनीर कारखान्यात होता. रविवार असूनही. मी दोन्ही चौथे त्याच्या पाटावर ठेवले. त्याने पटाशी बाजूला ठेवली, पुसून, पातं भिंतीकडे करून, बाबांनी शिकवलं होतं तशी.

"मजीद माझा लंगोटीयार," तो म्हणाला. "रडत आला होता, ताई. चित्र काचेला धरलं होतं. सोडवताना मधून फाटलं. अर्धं काचेवर, अर्धं हातात. म्हणाला, शेठ मला गावातून उठवतील. मी म्हटलं, तुकडे आण. तुकडे जुळवून चिकटवले आणि कोरलं."

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"दुसरा छाप मागावा लागला असता. ते बोलले असते, नऊ म्हणजे नऊ. फाटला तर आठ." त्याने डोळे पुसले नाहीत. "पहिल्या कागदावर सही नीट जमली नाही असं वाटलं, म्हणून दुसरा काढला. मजीदला म्हटलं, एक लाव, एक जाळ."

"त्याने जाळला नाही."

"मला काय आज कळलं? शेठकडे दोन चौथे आले ऐकलं, तेव्हाच कळलं. रोज ठरवत होतो की सांगायचं."

मी त्याला ती चहाची संध्याकाळ सांगितली. बोटाचं टोक, वण, काच. हात वाढला का काय माजा. तो ऐकताना हळूहळू पाटावरून उठून उभा राहिला.

"म्हणजे त्यांनी ते बघितलं होतं. आणि मग इथे आले."

"हो."

"हात बसला म्हणाले." त्याने स्वतःचा उजवा हात पुढे धरला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "मला वाटलं मोराबद्दल. तरी रात्री ठरवलं, सकाळी जाऊन पाय धरायचे, सगळं सांगायचं. सकाळी गेलो, तर दारात माणसं जमलेली."

मी त्याच्यावर रागावणार होते. ते मला जमलं नाही.

६

मजीदने शेठपुढे सगळं कबूल केलं. "जाळणार होतो, शेठ, कसम से. काडी पेटवली पण होती. इतकं देखणं, जाळवलं नाही. मग चाचा गेले, लोक त्यांच्या चित्रांना विचारायला लागले आणि माझी नियत फिरली, विकून टाकलं."

"देखणं होतं तर स्वतःच्या भिंतीवर लावायचं होतंस, गाढवा," शेठ म्हणाले. "डॉक्टरांना मुंबईला जाऊन तू स्वतः सांगायचं आणि त्यांचे पैसे त्यांना परत द्यायचे. मी सोबत येतो, पळशील म्हणून." मग ते माझ्याकडे वळले. "आणि मी केसरीनाथला खोटा म्हटलं. ते कोणाला परत करू?"

उद्घाटन संध्याकाळी झालं. सुरू होण्याआधी मुनीरने त्याचा ठोकळा आणला, आणि शेठ, आबिदाभाभी, आक्का आणि मी अशा चौघांसमोर त्याच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत घाव घातला. घाव घालताना त्याचा हात जराही हलला नाही. आक्काने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुजा गुरू पन असाच घालायचा," ती म्हणाली, "दात खाऊन."

शेठनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "केसरीनाथने नऊ काढले. नऊच. त्यातला माझा एक हरवला, तो माझ्या घरच्यांना लहान वाटला म्हणून. आठ उरले आहेत. बघा."

आबिदाभाभींनी पदराआड तोंड लपवलं, मग तेही सोडून दिलं आणि सगळ्यांत आधी पुढे गेल्या.

'खाडी' बाजूच्या भिंतीवर होती. लोक आत येत ते तिच्यासमोर थबकत, दोन पावलं मागे सरत, मान वर करत. मागवाले, व्यापारी, दापोड्याहून आलेली आमच्या भावकीतली माणसं. मग त्यांचं लक्ष मुख्य भिंतीकडे जाई. तिथे आठ तळहात आणि तिसऱ्या-पाचव्याच्या मध्ये एक रिकामी जागा. तिच्या खाली, जरा बाजूला, मुनीरची नक्कल, त्याच्या स्वतःच्या नावाने. लोक पुढे सरकत, आणखी पुढे, नाक काचेला लागेपर्यंत. कोणाला बाई दिसली की तो शेजाऱ्याला कोपराने ढोसे, बोलत मात्र नसे.

"मोठं कुठलं, शेठ?" कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं. शेठनी त्याला हाताला धरून 'आगर'च्या काचेपाशी नेलं.

गर्दी ओसरल्यावर मी माझ्या पहिल्या छापासमोर गेले. हाच तो ठोकळ्यावरून पहिल्यांदा उचललेला कागद. याच्यातच मी तेव्हा चुका शोधल्या होत्या. वाळायच्या आधी, बाबा हात पुसत शेजारी उभे असताना. मी पुन्हा शोधल्या. चौकटीमागून चौकट गेले. पाणी, बांध, पाणी, बांध. शेवटच्या चौकटीत ती बाई टोपली घेऊन चालली होती, आणि तिच्यावर ते सगळं आभाळ होतं. मी बोटाचं टोक डाव्या कडेला ठेवलं. माझ्या तळहातावर वण नाही. पण उजवी कड जिथे आली, तिथे तो असता.

कुठं चुकलंय गो?

आक्का दाराशी चपला शोधत होती. मुनीर दिवे मालवायला उभा होता. ते दोघं ऐकत होते, तरी मी मोठ्याने म्हणाले.

"कुठंच नाही, बाबा. कुठंच चुकलेलं नाही."